प्रयोगशाळा ते राजूर : डॉ. कमल रणदिवे

कॅन्सरवर जन्मभर संशोधन करणाऱ्या आणि पद्मभूषण मिळवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे उत्तरायुष्यात आमच्या अकोले तालुक्यात काम करीत होत्या, हे आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तरी हा लेख लिहायला घेतला, कारण बाईंच्या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न आमच्या घरातही येऊन गेला आहे. एकाच देशात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांना हा रोग कमीजास्त का होतो? आणि झाल्यावर काहीजण वाचतात व काहीजण वाचत नाहीत, ते कशामुळे?

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्याला, समर्थांच्या घरात झाला. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुजूरपागेत शिकली. तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. झाले मात्र वेगळेच. ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली, १९३९ मध्ये तिने गणिताचे अभ्यासक ज. त. रणदिवे यांच्याशी लग्न केले आणि १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम. एस्सी. झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी. तिच्या अभ्यासात नवऱ्याने पुष्कळ मदत केली. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. लग्नानंतर मुलीच्या पुस्तकांचे काय होते, ते माझ्या मैत्रिणींना सांगायला नको.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात काम करू लागल्या. हे हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्या दुःखातून ते उभे राहिले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली बाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

खानोलकरांविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भारतीय माणसाला कॅन्सर क्वचितच होतो, असा त्या काळी पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. खानोलकरांनी हॉस्पिटलातल्या रोग्यांची धर्म, प्रांत आणि सवयी यांनुसार नोंद केली. तेव्हा दिसले की रोग आहेच, फक्त त्याची जागा बदलते. तंबाखू खाणाऱ्याच्या गालात, ओठाशी. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या बायकांच्या टाळूवर. धोतराची गाठ वर्षानुवर्षे काचून कमरेच्या कातडीवर. काश्मीरमध्ये कांगडीची शेगडी अंगाशी धरल्याने पोटावर. समाजासमाजातला फरक रक्तातून आला असेल असे वरवर पाहता वाटावे, पण त्यातला बराचसा चालीरीतींतून आला होता. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर अधिक आणि गर्भाशयाच्या मुखाचा कमी आढळे. त्याचा संबंध उशिरा लग्ने आणि थोडी मुले यांच्याशी लावला गेला. अर्थात आनुवंशिकतेचा काहीच वाटा नसतो असे नाही. तो किती, हे ठरवणे अवघड, आणि तिथेच रणदिवेबाईंचे काम सुरू होते.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, म्हणून त्यांनी उंदीर घेतले. एकाच वंशात पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या उंदरांपैकी काही वंशांत जवळजवळ प्रत्येक मादीला स्तनाचा कॅन्सर होतो, काहींत क्वचितच. हे रक्तातलेच म्हणायचे. पण १९३६ मध्ये बिट्नर या अमेरिकन संशोधकाने रोगी वंशाची नुकती जन्मलेली पिल्ले निरोगी वंशाच्या मादीला पाजायला दिली, आणि त्या पिल्लांतला रोग खूप कमी झाला. रोगाचा विषाणू आईच्या दुधातून जात होता. (ही गोष्ट उंदरांची आहे. माणसात उलट, अंगावर पाजल्याने आईला या रोगापासून थोडे संरक्षणच मिळते.) विषाणू, शरीरातील संप्रेरके आणि आनुवंशिकता मिळून हा रोग कसा घडवतात, याचा माग बाईंनी अनेक वर्षे काढला. मला त्यातले सगळे कळते असे नाही, पण जन्माबरोबर येणारी प्रत्येक गोष्ट रक्तातलीच असते असे नव्हे, एवढे नक्की कळले.

पीएच. डी. नंतर रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या त्यांनी तिथे शिकली. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या आजही ‘हेला’ या नावाने जगभर वाढत आहेत. तिला न विचारता त्या घेतल्या होत्या, आणि घरच्यांना कित्येक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. त्या काळी तिथे काळ्या रोग्यांचे वॉर्डही वेगळे असत. वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. या रोगामागे एक विषाणू असतो, हे पुढे १९८३-८४ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवले, आणि हेला पेशींतही तो सापडला.

माझी आत्या याच रोगाने गेली. अंगावर जाते हे तिने दोन वर्षे कोणालाच सांगितले नाही. सांगितले तेव्हा भाताची लावणी चालू होती. एका डॉक्टरांनी न तपासताच ताकदीच्या गोळ्या दिल्या. नाशिकला नेईपर्यंत पोटात पसरला होता. आमच्या भावकीत अजूनही म्हणतात की घराण्यातच होते.

अमेरिकेत आज स्तनाचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा काळ्या स्त्रियांना किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचे प्रमाण काळ्या स्त्रियांत सुमारे ४० टक्के जास्त आहे. गाठीच्या प्रकारात काही फरक असतो हे खरे. तरी तपासणी केव्हा झाली, उपचार पुरे झाले का, विमा होता का, याचा हिशेब त्यात मोठा आहे. आपल्या शेजारी बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांना लक्षणे सांगू लागले, तेव्हा गर्भाशयाच्या मुखाच्या रोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. माणसे तीच, गावे तीच, रक्तही तेच.

अमेरिकेतून परत आल्यावर बाईंनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांबरोबर भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन केली, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

आदिवासींच्या रक्ताचाही त्यांनी अभ्यास केला. एवढे झाल्यावर मुंबईत मानाने बसून राहता आले असते. पण त्या राजूरला आल्या. तिथल्या सत्यनिकेतन संस्थेच्या मदतीने अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा केली, आणि स्त्री वैज्ञानिक संघटनेमार्फत भोवतालच्या खेड्यांतल्या बायकांना आरोग्याच्या गोष्टी सांगितल्या. काचेच्या नळीतल्या पेशी पाहणारी बाई इथे आमच्या पोरांना पोटभर मिळते की नाही ते पाहत होती. २००१ साली त्यांचे निधन झाले. आत्या तेव्हा धडधाकट होती, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाट चढत होती.