पदवीविना पंडित : ऑलिव्हर हेविसाइड

विद्वत्ता आणि विद्यापीठाची पदवी यांचा सहवास नेहमीच असतो असे नाही. विद्युत्‌शास्त्रात अक्षय कीर्ती मिळविणारे ऑलिव्हर हेविसाइड हे याचे ठळक उदाहरण होय.

१८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅमडन टाउन भागात, लाकडावर चित्रे कोरणाऱ्या एका कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणीच्या ज्वराने त्यांस कमी ऐकू येऊ लागले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तारायंत्राचे एक प्रवर्तक चार्ल्स व्हीट्स्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान. १८६८ मध्ये हेविसाइड डेन्मार्कमध्ये तारमास्तर झाले व पुढे न्यूकॅसल येथे आले.

१८७३ मध्ये मॅक्सवेल यांचा विद्युत्‌चुंबकीय सिद्धांतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रारंभी त्यांस तो उमगेना, कारण त्यांचे गणित शाळेपुरतेच होते. १८७४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, ती पुन्हा कधीही धरली नाही. आईवडिलांच्या घरी राहून त्यांनी तो ग्रंथ आत्मसात केला. मॅक्सवेल यांनी आरंभी वीस समीकरणांत मांडलेला सिद्धांत त्यांनी चार समीकरणांत आणला. आज विद्यार्थी शिकतात ते हेच रूप. विद्युत्‌मंडलाच्या शास्त्रातील इंडक्टन्स व इंपीडन्स हे शब्दही त्यांचेच.

दूरध्वनीच्या लांब तारेत उंच व खालचे स्वर सारख्या वेगाने जात नाहीत आणि सारखे क्षीणही होत नाहीत, म्हणून बोलणे अस्पष्ट होते. इंडक्टन्स हाच यातील शत्रू, अशी तज्ज्ञांची समजूत होती. तो योग्य प्रमाणात वाढविल्यास लहरीचा आकार टिकतो, हे १८८७ मध्ये हेविसाइड यांनी गणिताने सिद्ध केले. परंतु ब्रिटिश टपाल खात्यातील वजनदार अधिकारी विल्यम प्रीस यांस हे मत रुचले नाही. हेविसाइड यांचे बंधू आर्थर त्याच खात्यात अभियंता होते. उभयतांनी मिळून लिहिलेल्या निबंधास प्रसिद्धीची परवानगी नाकारण्यात आली. पुढे १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांस तारेत ठराविक अंतरावर वेटोळी बसविण्याचे पेटंट मिळाले. द्रव्य त्यांच्या पदरी पडले. मूळ तत्त्व सांगणाऱ्या हेविसाइड यांच्या हाती काहीच आले नाही.

मान मात्र मिळू लागला होता. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांस सदस्यत्व दिले. १८९४ मध्ये देऊ केलेले साहाय्य त्यांनी दारिद्र्यातही नाकारले, कारण त्यास दानाचा वास होता. १८९६ मध्ये सरकारने वार्षिक १२० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले, ते कार्याचा गौरव म्हणून स्वीकारले. वातावरणाच्या उंच भागात रेडिओलहरींना मार्ग दाखविणारा वाहक थर असावा, हे अनुमान त्यांनी १९०२ मध्ये मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत केनेली यांनीही तेच सुचविले. १९२४ मध्ये ॲपलटन यांच्या प्रयोगांनी ते खरे ठरले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे हेविसाइड निवर्तले.

अधिकाराने निबंध अडविता येतो, सत्य अडविता येत नाही. आपल्या ज्ञातीतील ज्या मुलांची शाळा परिस्थितीमुळे अर्ध्यावर सुटते, त्यांनी हे चरित्र मनात ठेवावे. शाळा सुटली तरी ग्रंथ सुटू देऊ नये.