भेगा वेळीच वाचाव्यात

बिदर शहरात चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाऊ लागले की वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. दोन मिनारांपैकी एकच उभा आहे आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग नाहीसा झाला आहे. उरलेल्या मिनारावर झिलईदार रंगीत फरशा अद्याप तग धरून आहेत. हे भग्न विद्यालय ज्याने उभारले, त्याचा अंतही असाच अकल्पित झाला. त्याचा संबंध गोमंतकाशीही आला असल्याने त्याचे चरित्र आमच्या वाचकांना परके वाटू नये.

गवान मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. दरबारी कारस्थानांना कंटाळून त्याने देश सोडला, व्यापार पत्करला आणि १४५३च्या सुमारास तो दाभोळ बंदरात उतरून बिदरला आला. गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बहमनी राजधानी तेथे आली होती. व्यापारी म्हणून आलेला हा गृहस्थ स्वतःच्या गुणांवर मुख्य वजीर झाला. त्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, व संगमेश्वर जिंकले आणि १४७२ साली विजयनगरकडून गोवा घेतला. तो आपल्याकडे जेता म्हणून आला, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु त्याच सुमारास त्याने बिदरला तीन मजली मदरसा आणि भला मोठा ग्रंथसंग्रह उभा केला, हेही तितकेच खरे.

दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या वैराने राज्याला पडलेली चीर त्याला दिसत होती. त्याने चार सुभ्यांचे आठ केले, प्रत्येक सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला, जमिनीची मोजणी आरंभिली. ज्यांची सत्ता कमी झाली, त्यांनी सूड उगवला. त्याची मोहर सांभाळणाऱ्याला वश करून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. मद्याच्या धुंदीतील सुलतान तिसऱ्या महंमदाने चौकशी न करताच, ५ एप्रिल १४८१ रोजी, सत्तरीच्या या वजिराचा वध करविला. सत्य कळल्यावर सुलतान पस्तावला आणि वर्षभरात मरण पावला. पुढे बहमनी राज्याची पाच शकले झाली.

मदरशाचा नाश १६९६ सालचा. मोगलांच्या अमलात तेथे दारूगोळा साठविला होता. वीज पडून त्याचा स्फोट झाला, असे सांगतात. दगडचुन्याची भिंत वरचा भार शतकानुशतके पेलते. आतून बाहेर रेटणारा दाब तिला सोसत नाही. आजचा अभियंता संगणकावर वास्तूची प्रतिकृती मांडतो, तिचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावरील ताण मोजतो आणि पहिली भेग कोठे पडेल, ती कशी वाढेल, याचे अनुमान करतो. पण त्याला सांगितलेला भारच तो हिशेबात धरू शकतो. विद्यालयाचे कोठार होईल, हे कोणत्या स्थपतीने धरावे?

याचा धडा आम्हा गोमंतकीयांना घरातच मिळाला आहे. १९७० साली खुला झालेला मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. अवघी सोळा वर्षे! वरून धडधाकट दिसणाऱ्या पुलाच्या आतील ताणलेल्या पोलादी तारांना खाऱ्या हवेत गंज चढला होता, आणि पणजी-बेतीच्या प्रवाशांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले.

गंज आवाज करीत नाही; बनावट पत्रही करीत नाही. म्हणूनच पूल असो, धरण असो की जुनी शाळा, तिची तपासणी नियमित व्हावी, अहवाल कपाटात न ठेवता लोकांपुढे यावा, आणि धोका सांगणाऱ्या अभियंत्याला विघ्नसंतोषी ठरवू नये. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण गवान परत आला नाही. कोसळल्यानंतरच्या चौकशीचे मोलही याहून अधिक नसते.