डॉ. लुसी विल्स : मुंबईत सापडलेला दुवा, फिट्सच्या रुग्णांना आधार

मुरुडच्या औषध दुकानातही सहज मिळणारी गोळी म्हणजे फॉलिक ॲसिड. फिट्सचा (अपस्माराचा) आजार असलेल्या सुनेला डॉक्टर गर्भधारणेआधीच ही गोळी सुरू करतात. आधीच इतकी औषधे, त्यात ही आणखी कशाला, असे घरच्यांना वाटते. ही गोळी आली कुठून, हे पाहिले की तिचे मोल कळते.

लुसी विल्स यांचा जन्म १८८८ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकून त्या १९२० मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९२८ मध्ये भारतात आल्या. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. दोष आहारात असावा, असे त्यांना वाटले. तसाच निकस आहार दिल्यावर माकडांनाही रक्तक्षय झाला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा झाला. स्त्रियांनाही या अर्काने गुण आला. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातल्या त्या अज्ञात द्रव्याला विल्स घटक म्हणत. तेच आजचे फोलेट. १९४१ मध्ये ते पालकातून वेगळे करण्यात आले आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

फेनिटोइन, फेनोबार्बिटोन यांसारखी फिट्सची औषधे शरीरातले फोलेट कमी करतात. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून गोळी आधीपासून हवी. ती व्यंगाचा धोका कमी करते, पण पूर्ण टाळत नाही.

मात्र फॉलिक ॲसिड फिट्स थांबवत नाही. उलट, ते सुरू केल्यावर रक्तातले फेनिटोइन कमी होऊ शकते. त्यामुळे डोस डॉक्टरांनीच ठरवावा. जीवनसत्त्वाची कोणतीही गोळी मनाने घेऊ नये. आणि दिवस गेले म्हणून फिट्सचे औषध परस्पर बंद करणे तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

डॉ. विल्स १९६४ मध्ये वारल्या. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मणक्याचे व्यंग टळू शकते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ते पाहायला त्या नव्हत्या. परळच्या गिरणीतल्या बायांसाठी सुरू झालेला तो शोध आज फिट्सचा आजार असलेल्या आयांच्या कामी येतो आहे.