डोळ्यांवर इलाज थांबला, तेव्हा डॉक्टरांनी गाणे सुचवले

कुरुंदवाडच्या दिगंबरबुवा पलुस्करांच्या घरात कीर्तन हाच व्यवसाय होता. १८ ऑगस्ट १८७२ रोजी त्या घरात जन्मलेला विष्णू गळ्याने गोड होता आणि शाळेतही जात होता. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका त्याच्या चेहऱ्याजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली.

फटाक्याच्या स्फोटात डोळ्याला दुहेरी मार बसतो. उष्णतेने आणि दारूच्या कणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो, तर स्फोटाच्या धक्क्याने आतले भिंग सरकू शकते किंवा दृष्टिपटल फाटू शकते. (अशा वेळी डोळा चोळू नये, त्यात तूप, दूध असे काही घालू नये; दाब न देता झाकून तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा.) त्या काळी प्रतिजैविके नव्हती आणि लहान गावात नेत्रतज्ज्ञही नव्हता. विष्णूला उपचारासाठी मिरजेला नेले. तिथल्या डॉ. भडभडे यांनी उपचार केले, पण नजर पूर्ववत झाली नाही. ती जन्मभर अधूच राहिली.

शाळा सुटली. बरोबरीची मुले पुढच्या इयत्तेत गेली आणि हा मुलगा मागे राहिला. पंधराव्या वर्षाच्या आसपास पुढे काय, या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नव्हते. तेव्हा डॉक्टरांनीच सुचवले, की आवाज चांगला आहे तर मुलाला गाणे शिकवा. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेतच होते. विष्णू त्यांच्याकडे राहिला. १८९६ मध्ये त्याने मिरज सोडली, तोवर ही तालीम चालली.

याला संगीतोपचार म्हणता येईल का? काटेकोर अर्थाने नाही. हा शब्दच तेव्हा नव्हता. हे शास्त्र व्यवसाय म्हणून उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेतील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत. शिवाय गुरुगृहीची तालीम कडक असते. चुकलेल्या सुराला तिथे माफी नसते. उपचारात सूर चुकला तरी बिघडत नाही, मुलाने व्यक्त होणे महत्त्वाचे. तो अपघातानंतर मानसिक आजारी होता असे म्हणणेही अतिरेक ठरेल. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्यात आजच्या उपचारकांना ओळखीचे बरेच काही सापडेल. जे गेले त्यावर न अडता जे शाबूत आहे तिथून सुरुवात झाली. रोज ठरलेल्या वेळी ठरलेले काम मिळाले, रोज ऐकणारा एक जाणता माणूस मिळाला. अपघात, हिंसा किंवा जवळच्याचा मृत्यू पाहिलेल्या मुलांचे शरीर सतत सावध राहते. झोप उडते, श्वास उथळ होतो, आणि काय होते आहे ते सांगायला शब्द सापडत नाहीत. लांब सूर लावताना उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि संथ श्वासाने हृदयाची गती उतरते.

याच सुमारास, १८८६ मध्ये, आंबा घाटाच्या खाली रत्नागिरीत मनोरुग्णालय सुरू झाले. त्या पिढीसाठी मनाचा आजार म्हणजे वेड, आणि वेडावर उपाय म्हणजे चार भिंती. उदास, गप्प झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी यांच्या मधली जागा जवळपास नव्हतीच. आज तेच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य सल्लाही मिळतो.

गाण्याची मर्यादाही सांगायला हवी. उत्तर आयर्लंडमध्ये भावनिक अडचणी असलेल्या ८ ते १६ वयोगटातील २५१ मुलांवर मोठी चाचणी झाली. संगीतोपचार मिळालेल्या मुलांचा आत्मसन्मान वाढला, उदासी उतरली. पण काही महिन्यांनी हा फरक टिकून राहिलेला दिसला नाही. औषध किंवा समुपदेशन बंद करून गाण्याच्या शिकवणीला घालावे, असा याचा अर्थ मुळीच नाही.

मिरज सोडल्यावर विष्णु दिगंबर पलुस्कर बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर करत पंजाबात पोहोचले. गवयाला मिळणारी हलकी वागणूक त्यांना सलत होती. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबल्याशिवाय, फी भरून, वर्गात बसून गाणे शिकता यावे ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. मुलींनाही तिथे शिकता येई. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. रत्नागिरीतल्या एखाद्या खोलीत पेटी घेऊन प्रारंभिकच्या परीक्षेची तयारी करणारी मुले आज दिसतात, ती याच वाटेवर.

पुढचा काळ कठीण गेला. अनेक अपत्ये लहानपणीच दगावली. मुंबईच्या इमारतीचे कर्ज फिटले नाही आणि ती हातची गेली. पलुस्कर नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले. मैफलीचे गाणे मागे पडले, रामभजन उरले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले.

मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला गाणे शिकवले. चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात, तो पहिल्यांदा जाहीरपणे गायला.