जमनालाल बजाज आणि जयपूर संस्थान

जमनालाल बजाज यांचे चरित्र महाराष्ट्रात बहुधा वर्ध्यापासून सुरू होते आणि सेवाग्रामपाशी येऊन थांबते. गांधीजींचे मानसपुत्र, काँग्रेसचे खजिनदार आणि दानशूर शेटजी या तीन विशेषणांत त्यांचे जीवन सामावले गेले आहे. परंतु त्या जीवनाचा आरंभ आणि त्यातील एक अत्यंत कसोटीचा काळ या दोहोंचे स्थान जयपूर संस्थान हे होय. ज्या प्रदेशातून व्यापारी बाहेर पडले, त्याच प्रदेशात एक यशस्वी व्यापारी नागरिक म्हणून परत जाऊ पाहतो आणि त्याला सीमेवर अडविले जाते, या घटनेत प्रादेशिक मागासलेपणाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकरजवळील काशी का बास या खेड्यात झाला. वडील कनीराम आणि आई बिरदीबाई यांचे कुटुंब साधारण स्थितीतील होते. सीकर हे शेखावाटीतील एक मोठे ठिकाण असून ते जयपूर दरबाराच्या अधिसत्तेखाली होते. पाऊस अल्प, जमीन रेताड आणि दुष्काळ नित्याचा, असा हा मुलूख. एके काळी दिल्ली आणि माळव्याकडून सिंध व गुजरातच्या बंदरांकडे जाणारे उंटांचे तांडे या भागातून जात आणि त्यांच्यावर येथील महाजनांची भरभराट अवलंबून असे. मुंबई व कलकत्ता ही बंदरे वाढली, रेल्वेने मालाच्या वाटा बदलल्या, तेव्हा हा व्यापार ओसरला. सीकरपर्यंत रेल्वे पोहोचली ती १९२२ मध्ये. तोपर्यंत व्यापाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या परमुलखात स्थिरावल्या होत्या.

तथापि निसर्ग आणि दळणवळण एवढीच कारणे सांगून भागत नाही. संस्थानची स्वतंत्र जकात होती. जमिनीचा बराच मोठा भाग जहागीरदारांकडे होता. शेतसाऱ्याखेरीज ‘लाग-बाग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाना पट्ट्या ते वसूल करीत आणि वेठबिगारही घेत. शेतकऱ्याच्या हाती काही उरत नसल्याने स्थानिक बाजारपेठ वाढत नव्हती, आणि सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या मुलखात कारखान्यात पैसा गुंतविण्याचे धाडस सहसा कोणी करीत नव्हते. सांभर सरोवराच्या मिठाचे उत्पादनही १८७० पासून करारान्वये इंग्रज सरकारच्या हाती गेले होते. बाहेर मिळविलेला पैसा शेखावाटीत परत येई तो मुख्यतः हवेल्या, विहिरी, धर्मशाळा आणि मंदिरे यांच्या रूपाने. भित्तिचित्रांनी नटलेल्या त्या हवेल्या आज पाहणाऱ्याला वैभवाची खूण वाटतात. त्या वैभवाची कमाई मात्र बव्हंशी अन्यत्र झालेली होती.

वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज हे अशाच स्थलांतरित व्यापाऱ्यांपैकी एक. वऱ्हाड आणि वर्धा-हिंगणघाट परिसरातील कापूस रेल्वेने मुंबईस जाऊ लागल्यानंतर या भागात सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले आणि मारवाडी पेढ्यांचे जाळे पसरले. बच्छराजांनी लहानग्या जमनालालला नातू म्हणून दत्तक घेऊन वर्ध्यास आणले. मुलाचे शालेय शिक्षण फार झाले नाही. घरात मारवाडी, गावात मराठी आणि पुढे सार्वजनिक जीवनात हिंदी असा त्यांचा त्रिभाषिक संसार राहिला. माधवराव सप्रे यांच्या ‘हिंदी केसरी’स त्यांनी आपल्या हातखर्चातून साठवलेले शंभर रुपये दिले, हे त्यांचे आरंभीचे सार्वजनिक दान मानले जाते. १९२५ मध्ये अजमेर येथे स्थापन झालेले सस्ता साहित्य मंडळ आणि १९३६ मधील वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती या दोन्ही संस्थांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९३७ मध्ये मद्रास येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, दागिने घालण्याच्या क्षुल्लक निमित्ताने आजोबांशी खटका उडाला, तेव्हा जमनालालजींनी मालमत्तेवरील आपला हक्क सोडत असल्याचे लिहून दिले होते. समेट झाला आणि १९०७ मध्ये बच्छराजांच्या मृत्यूनंतर संपत्ती त्यांच्याकडेच आली. परंतु तिच्याविषयीचा अलिप्तपणा कायम राहिला. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेसाठी त्यांची मनोभूमी अशी आधीच तयार झालेली होती. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले, पुढे त्यांनी रायबहादुर ही पदवी परत केली आणि १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात कारावास पत्करला. १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले केले. व्यवसायही वाढतच होता. १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना उभा राहिला. शेखावाटीच्या या सुपुत्राचे भांडवल असे जन्मभूमीपासून दूर कामाला लागले होते.

जन्मभूमीची हाक त्यांना आली ती उद्योगपती म्हणून नव्हे. सीकर भागातील जाट शेतकरी करांविरुद्ध संघटित होत होते आणि एप्रिल १९३५ मध्ये कूदन येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या जयपूर राज्य प्रजामंडळाची १९३६-३७ मध्ये पुनर्रचना झाली. हीरालाल शास्त्री हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. मे १९३८ मध्ये जयपूर येथे भरलेल्या प्रजामंडळाच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान जमनालालजींनी स्वीकारले. महाराजांच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती आणि नागरिक स्वातंत्र्य अशी ही मागणी मर्यादित होती. त्याच वर्षी सीकरचे रावराजा आणि जयपूर दरबार यांच्यात तंटा पेटून गोळीबारापर्यंत मजल गेली, तेव्हा मध्यस्थी करण्यासही जमनालालजी धावून गेले.

दरबाराला ही मध्यस्थी चालली. मध्यस्थाचे राजकारण चालले नाही. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांच्यावर राज्यात प्रवेशबंदीचा हुकूम निघाला. संस्थानात दुष्काळ पडला होता आणि पीडितांच्या साह्याचे काम पाहण्यासाठी ते निघाले असता सवाई माधोपूर स्थानकावर त्यांना रोखण्यात आले. संस्थानच्या कारभारावर त्या वेळी सर ब्यूशाँ सेंट जॉन या इंग्रज दिवाणाची पकड होती. जानेवारी १९३९ मध्ये सार्वजनिक संस्थांच्या नोंदणीचा नवा कायदा पुढे करून प्रजामंडळ बेकायदेशीर ठरविण्यात आले. फेब्रुवारीत जमनालालजींनी बंदी मोडली. त्यांना पकडून राज्याबाहेर नेऊन सोडण्यात आले. ते पुन्हा आले. अखेर त्यांना मोरासागर येथील एकांत जागी व नंतर जयपूरजवळ स्थानबद्ध करण्यात आले. गांधीजींच्या सल्ल्यावरून मार्चमध्ये सत्याग्रह स्थगित झाला. जमनालालजींची सुटका मात्र ऑगस्ट १९३९ मध्ये झाली. मधल्या काळात गुडघ्याच्या दुखण्याने त्यांची प्रकृती ढासळली होती.

या प्रकरणाचे मर्म असे, की संस्थानाला परमुलखात मिळविलेला पैसा धर्मशाळेच्या वा विहिरीच्या रूपाने हवा होता. तो पैसा मिळविणारा माणूस हक्क मागणारा प्रजाजन म्हणून नको होता. स्थलांतरित व्यापाऱ्यांनीही बहुतांशी हा सौदा मुकाट्याने मान्य केला होता. त्यांच्यापैकी कित्येकांची सावकारी दरबाराशी व जहागीरदारांशी सलोखा राखूनच चालत असे. जमनालालजींनी तो सौदा मोडला. कर, जकात आणि जहागीर यांचे प्रश्न कायद्याच्या राज्यावाचून सुटणार नाहीत, हे त्यांच्या कृतीतून सूचित झाले. तथापि या लढ्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. प्रजामंडळाचे नेतृत्व मुख्यतः शहरी आणि मध्यमवर्गीय राहिले. जहागिरीतील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी यांची पूर्ण सांगड त्यांच्या हयातीत पडली नाही.

१९४० मध्ये तडजोड होऊन प्रजामंडळाला मान्यता मिळाली. जमनालालजी गोसेवेच्या कार्यात गढून गेले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास त्यांचे अकस्मात निधन झाले. त्याच वर्षी सर मिर्झा इस्माइल जयपूरचे दिवाण झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत उद्योगांना उत्तेजन देण्याचे धोरण प्रथमच ठळकपणे आखले गेले. १९४६ मध्ये शेखावाटीतूनच बाहेर पडलेल्या बिर्ला घराण्याने जयपुरात बेअरिंगचा कारखाना काढला. ३० मार्च १९४९ रोजी बृहद् राजस्थानाची निर्मिती झाली, जयपूर राजधानी बनले आणि हीरालाल शास्त्री पहिले मुख्यमंत्री झाले. जहागिरी नष्ट करणारा कायदा १९५२ मध्ये आला. जमनालालजींच्या मृत्यूनंतर अवघ्या दहा वर्षांत, ज्या अडसरांमुळे त्यांच्यासारख्यांची घराणी देशोधडीला लागली होती, त्यांपैकी बहुतेक अडसर कायद्याने दूर झाले. गेलेले भांडवल मात्र फारच थोडे परतले. ते वर्धा, मुंबई आणि कलकत्ता येथे केव्हाच मूळ धरून बसले होते.