विश्वकिरणांचा वेध : होमी भाभा

तंजावूरच्या मराठा राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयातील जुन्या पोथ्या न्याहाळणाऱ्या माणसाच्या तळहातातून दर सेकंदाला एखादा सूक्ष्म कण आरपार जात असतो. राजवाड्याच्या जाड भिंतीही त्याला सहसा अडवू शकत नाहीत. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात, त्यातून हे कण निर्माण होतात. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे कमी ऊर्जेचे विश्वकिरण या प्रदेशावरून परतवले जातात. दक्षिणेच्या या वैशिष्ट्याचा लाभ घेणारे शास्त्रज्ञ मात्र मुंबईचे होते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींनी केंब्रिजला यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. मन मात्र भौतिकशास्त्रातच रमले. विश्वकिरणांपासून कणांचा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ती त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडली.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग उभारला. उपपत्तीवर संतुष्ट राहणारा त्यांचा स्वभाव नव्हता. मोजणीची उपकरणे विमानात चढवून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०,००० फूट उंचीपर्यंत कणांची गणना केली. आज प्रवासी विमाने त्याहूनही उंच उडतात.

पुढे १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला आणि १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टीजवळ काम करणाऱ्यांच्या अंगावर प्रारण मोजणारा बिल्ला असे. हा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची नोंद ठेवणे अगत्याचे होते.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ११ विमान कर्मचाऱ्यांसह ११७ जण मृत्युमुखी पडले.

ज्या विश्वकिरणांच्या शोधात भाभांनी विमानातून उपकरणे पाठवली, त्यांच्याच माऱ्यात विमान कर्मचारी आयुष्याची कित्येक वर्षे काढतात, ही गोष्ट जगाने उशिरा मनावर घेतली. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने १९९० मध्ये या प्रारणाची गणना व्यवसायजन्य प्रारणात करण्याची शिफारस केली. वैमानिकांना व केबिन कर्मचाऱ्यांना वर्षाकाठी साधारणतः २ ते ५ मिलिसिव्हर्ट अधिक प्रारण मिळते. जमिनीवरील माणसास सर्व नैसर्गिक स्रोतांतून सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळते. या कर्मचाऱ्यांत त्वचेचे व स्तनांचे काही कर्करोग अधिक आढळले आहेत, परंतु त्यामागे विश्वकिरण किती आणि रात्रपाळीची जाग्रणे किती, हे वेगळे करता आलेले नाही. गरोदर कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा अधिक कडक आहेत.

अणुभट्टीवरील कामगारासारखा बिल्ला या मंडळींच्या अंगावर सहसा नसतो. उड्डाणाची उंची, मार्ग आणि तास यांवरून त्यांचा हिशेब केला जातो. ध्रुवप्रदेशाजवळून जाणाऱ्या मार्गावर हा आकडा वाढतो. तंजावूरच्या आकाशातून त्याच उंचीवर जाणाऱ्या विमानात तो जवळजवळ निम्म्यावर येतो.