शिवनेरी : महाराजांना परत न मिळालेलं घर

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे नाइट, कॅसल हे शब्द मला माची, बुरूज या शब्दांच्या आधी आले. स्कॉटलंडमधल्या मॅक्लीन घराण्याच्या ड्युअर्ट किल्ल्याची गोष्ट मी अशीच कधीतरी वाचली होती. १६९१ मध्ये तो किल्ला घराण्याच्या हातून गेला आणि १९११ मध्ये घराण्याच्या म्हाताऱ्या प्रमुखाने तो पडक्या अवस्थेत विकत घेऊन पुन्हा उभा केला. दोनशे वीस वर्षांनी घर परत मिळालं!

माझं आजोळ आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळ. सुट्टीत मी ही गोष्ट आजोबांना कौतुकाने सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आपल्या महाराजांना शिवनेरी कधी परत मिळाला? मी म्हटलं, मिळालाच असणार, त्यांचाच तर गड! आजोबा नुसते हसले. मग मीच शोधायला बसले.

शिवनेरी भोसल्यांकडे आला तो महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्या काळात. निजामशाहीने त्यांना पुणे-सुप्याच्या जहागिरीबरोबर शिवनेरी आणि चाकणचाही ताबा दिला. पुढे १६२९ मध्ये दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांचे मुलगे दग्याने मारले गेले. शहाजीराजे लढायांच्या धामधुमीत आणि जिजाऊ गरोदर. एका वर्षात माहेर उद्ध्वस्त झालेल्या त्या बाईसाठी सुरक्षित जागा म्हणून शिवनेरी निवडला गेला. १९ फेब्रुवारी १६३० ला तिथे शिवरायांचा जन्म झाला. गडावरच्या शिवाईदेवीवरून त्यांचं नाव ठेवलं असं आपण लहानपणापासून ऐकतो.

पण हे घर टिकलं नाही. निजामशाही वाचवायला शहाजीराजांनी जिवाचं रान केलं, तरी १६३६ मध्ये माहुलीला त्यांना मोगलांपुढे हार मानावी लागली. जुन्नर आणि शिवनेरी मोगलांकडे गेले. शिवराय तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचे होते.

पुढचं आपल्याला पाठ आहे. तोरणा, राजगड, १६५६ ला जावळी, १६५९ ला प्रतापगडावर अफजलखान. पण मधलं १६५७ साल आपण विसरतो. त्या वर्षी एप्रिलअखेरीस एका रात्री महाराजांची माणसं दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटावरून आत उतरली. तीन लाख होन, दोनशे घोडे आणि दागिने-कपडे हाती लागले. जन्मगाव पायाखाली आलं, पण वरचा गड मोगलांचाच राहिला.

का नाही मिळाला? आपण इंजिनिअरिंगवाले, तर थोडं त्या डोळ्यांनी बघू. बाजूंना उभे तासलेले कडे. मुख्य वाटेवर एकामागोमाग सात दरवाजे, म्हणजे एक फुटला तरी पुढचे सहा शिल्लक. खडकात खोदलेली पाण्याची टाकी, त्यातल्या गंगा-जमुनाला बारा महिने पाणी. १६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मोगलांच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला होता. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पाणी आहे, धान्य आहे, मग वेढा घालून उपयोग काय?

आणि वर होता अब्दुल अझीझखान नावाचा पक्का किल्लेदार. १६७३ च्या सुमारास त्याला पैशाने फोडायचा प्रयत्न झाला. त्याने होकार दिल्याचं नाटक केलं आणि आलेल्या मराठी फौजेलाच सापळ्यात पकडलं. १६७८ मध्ये तीनशे मावळे रात्री दोरांनी कडा चढून आत शिरले. तेव्हा किल्लेदाराजवळ फार माणसं नव्हती, तरी त्याने आत आलेल्यांना कापून काढलं. सकाळी खालच्या कपारींत लपलेले सापडले, त्यांना मात्र भेटी देऊन सोडलं आणि निरोप धाडला, की मी इथे आहे तोवर हा किल्ला तुम्हाला मिळायचा नाही.

गंमत बघा. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. १६७७ मध्ये पार तमिळ मुलखातली जिंजी घेतली. आणि पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आतला शिवनेरी मात्र नाही! राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच जिजाऊ पाचाडला वारल्या. ३ एप्रिल १६८० ला महाराज रायगडावर गेले, तेव्हाही त्यांच्या जन्मगडावर मोगलांचंच निशाण होतं. अठराव्या शतकात तो मराठ्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शिवनेरी आहे आणि जिंजीसुद्धा.

हे कळल्यावर आधी मला वाईट वाटलं. आमच्या पुस्तकातले महाराज कधी हरतच नव्हते! पण आता मला ते जास्त जवळचे वाटतात. एक गड मिळत नाही म्हणून ते तिथेच अडून बसले नाहीत आणि त्यांनी तो सोडूनही दिला नाही. हातातली कामं करत राहिले आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा माणसं पाठवली. सेमिस्टरला एक विषय राहिला की आपण आठवडाभर रूममधून बाहेर पडत नाही!

गेल्या हिवाळ्यात आम्ही हॉस्टेलचे काही जण गडावर गेलो. सगळ्यांनी जन्मस्थानापाशी फोटो काढले. परत येताना आमच्यातल्याच एकाने खिशातून मार्कर काढला आणि दरवाजाच्या दगडावर नाव लिहायला लागला. मी त्याचा हात धरला आणि त्या तीनशे जणांची गोष्ट सांगितली. या गडासाठी ते कडा चढले, पण त्यातल्या एकाचंही नाव इथे कोरलेलं नाही.

त्याने मार्कर खिशात ठेवला. मग राहिलेले दरवाजे आम्ही मोजत मोजत उतरलो.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी